आडवा पडदा

नारीनच्या बाजारात झानिशनं झाकण उघडलं,
पाहिलं, मिटलं. "एजे, राहू द्या हे.
अकरा इंची खेळणं. दोन जीबीची मेमरी,
बत्तीस जीबीची जागा, तीही डाग देऊन पक्की केलेली.
जुनी विंडोज स्वतःच्याच अपडेटनं फुगून मेली,
नवी चढायची नाही. दुसरं काही टाकायचं म्हणाल
तर या यंत्राला कुणाचाच आधार नाही."

आधार नाही.
छत्तीस वर्षं मी भूगोल शिकवला,
त्यातली निम्मी अशा नकाशावर
ज्यातला देश कधीच मोडून गेला होता
आणि नवा नकाशा यायचा होता.
आधाराचं मला कुणी सांगू नये.
पेनड्राइव्ह तेवढा त्याच्याकडून उसना घेतला.

घरी तुरदुबेक डाव्या कुशीवर.
सप्टेंबरपासून उजवं अंग त्याचं ऐकत नाही.
गाल उशीवर, नजर भिंतीवरच्या गालिच्यात,
मेंढ्याच्या शिंगाच्या एकाच वेलांटीवर, दिवस दिवस.
रात्री चुलीत शेणी सारल्या, चहा ठेवला,
आणि एस्केपचं बटण दाबत बसले,
आत कुणी आहे हे माहीत असताना दार ठोठावावं तशी.

काळं. नुसतं काळं.
तिसऱ्या रात्री उमगलं:
प्रोसेसर चौसष्ट बिटांचा, उंबरा बत्तीसचा.
एवढ्या घराला एवढंसं दार!
वाकून आत शिरेल अशी एक फाइल हवी होती,
नेमक्या फोल्डरात, नेमक्या नावानं.
नावात मी एक अक्षर चुकले.
पुन्हा.
मग वीज गेली.
पुन्हा.

पाचव्या रात्री अडीचला पडदा उजळला
आणि ओळी धावू लागल्या, पण आडव्या,
घाटात वाऱ्यानं बर्फ जातं तशा, एका कडेकडून दुसऱ्या कडेला.
हे पॅनल मुळात कुठल्यातरी टॅबलेटसाठी घडवलेलं,
उभं धरायचं. आमच्याकडे ते निजलेलं आलं.
बोट उजवीकडे नेलं की बाण वर जाई.
टेबलाला कान टेकवून मी भाषा निवडली,
देश निवडला, घड्याळ लावलं,
आणि "सगळं पुसायचं का?" याला हो म्हटलं.
त्यात आइझादाचे शाळेतले फोटो होते.
ते आधी काढून घेतले होते का,
हे हो म्हटल्यावर आठवलं. घेतले होते.

सकाळी हजेरीच्या जुन्या वहीत, लाल शाईनं:
आवाज, नाही. कॅमेरा, नाही.
वायफाय नाही, शेजारच्या एर्मेकचा फोन वायरीनं जोडला तर हो.
बॅटरी कायम एकोणसत्तर टक्के, खरं काय ते तिलाच ठाऊक.
झाकण मिटलं की झोपतं, मग हाकेला ओ देत नाही.
पडदा आडवा.

"नवीन," पलंगावरून जड जिभेचा आवाज,
"नवीन... सुरुवात."
मी वळले. तो गालिच्याकडे पाहत नव्हता.
टेबलावरचा पडदा वाचत होता,
गाल उशीवरून न उचलता,
सरळ, ओळीनं, शाळेतल्या पोरासारखा.

तेव्हापासून स्टूल पलंगाला लावलेलं.
एर्मेकचा फोन चार ते सहा आमचा.
उपग्रहातून घेतलेले रस्ते मी उघडून देते,
तो डाव्या हाताच्या बोटानं कोळशाचा ट्रक हाकतो,
दोलोन घाट, वळण, वळण, जरा थांब.
"इथं साखळी तुटली," म्हणतो, "अठ्ठ्याण्णव साली.
दोन रात्री." मला म्हणाला होता, एक.

पडदा सरळ करायची ओळ झानिशनं
चिठ्ठीवर लिहून पाठवली आहे. एकच ओळ आहे.
चिठ्ठी साखरेच्या डब्याखाली आहे.
मला काही टाइप करायचं असलं की मी मान वाकडी करते.

आवाजाचं अजून जमलेलं नाही.
आज वीज राहिली तर बघेन.